पहिला पोपट घरी आणताना: आधी कायदा, मग पिंजरा आणि सगळ्यात जास्त लक्ष खाण्याकडे

मराठवाड्यात पोपट म्हटलं की हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठी असलेला मिठूच डोळ्यापुढे येतो. ओसरीवर टांगलेला पिंजरा, त्यात हिरवी मिरची, पेरूची फोड आणि सकाळी चहात बुडवलेला पोळीचा तुकडा. या चित्रातल्या दोन गोष्टी सोडून द्यायच्या आहेत. एक तो चहा-पोळीचा तुकडा आणि दुसरा, मन कितीही ओढ घेत असलं तरी, तो मिठू.

कंठीवाला पोपट, त्याच्याहून मोठा पहाडी, जांभळ्या डोक्याचा छोटा, हे सगळे आपल्या रानातले पक्षी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं गुन्हा आहे. आठवडी बाजारात कापडाखाली झाकलेल्या पिंजऱ्यातून कुणी पिल्लू दाखवलं आणि 'घेऊन जा, कुणी काही म्हणत नाही' असं सांगितलं, तरी घेऊ नका. ते पिल्लू ढोलीतून ओढून काढलेलं असतं आणि त्याच्यासोबतची किती मेली ते विकणारा सांगणार नाही. उन्हाळ्यात वावटळीनं किंवा वळवाच्या पावसानं झाडावरून पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. माणसाळवायचा मोह धरू नका.

मग पाळायचं काय? पहिल्यांदा पाळणाऱ्यानं बजी किंवा कॉकाटेल घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही छोट्या जातीचे पोपट, मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले, दोन्ही पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले. आपल्याकडच्या दुकानांत बजीला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा आणि चांगलाच चावरा. बजी नीट सांभाळला तर पाच ते दहा वर्षं जगतो, कॉकाटेल पंधरा-वीस. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव घ्यायचा विचार असेल तर तो पक्षी चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो. म्हणजे तुमच्यानंतर त्याला कोण बघणार हे आधी ठरवावं लागतं. शिवाय अशा परदेशी जातींची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. बजी आणि कॉकाटेल वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या (सायटिस) यादीत नाहीत, त्यामुळे त्यांना ही नोंद लागत नाही. बिल मात्र दोघांचंही घ्या. २०१८ च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाची राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. ती आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

पक्षी आणायच्या आठवडाभर आधी

पिंजरा आधी, पक्षी नंतर. दुकानात पक्ष्यासोबत जो चिमुकला गोल पिंजरा देतात तो तिथंच ठेवा. गोल पिंजऱ्यात पक्ष्याला टेकायला कोपरा मिळत नाही आणि उडायला जागा नसते. एका-दोन बजींसाठी लांबी किमान अडीच फूट, रुंदी आणि उंची दीड-दीड फूट धरा. पोपट आडवे उडतात, म्हणून उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. बजीसाठी गजांमधलं अंतर १२ मिलिमीटरच्या वर नको, नाहीतर डोकं अडकतं. गंजलेला किंवा हलक्या जस्ताच्या मुलाम्याचा पिंजरा टाळा. पोपट दिवसभर चोचीनं गज चावत असतो आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा होते.

आतल्या बसायच्या काड्या प्लास्टिकच्या किंवा एकसारख्या गोल लाकडाच्या येतात. त्यांच्यावर सतत बसून तळव्यांना फोड येतात. त्या काढून कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या लावा. कुठं करंगळीएवढी, कुठं अंगठ्याएवढी जाडी असली की पायाची पकड बदलत राहते. फांदी फवारणी झालेल्या झाडाची नको. धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून मग लावा. सालही राहू द्या, ती सोलण्यात पक्ष्याचे तासन् तास जातात.

जोडी घेतली की दुकानदार हौसेनं मडकंही देतो. ते पिंजऱ्यात बांधू नका. मडकं दिसलं की मादी अंडी घालायला लागते, अंगातलं कॅल्शियम संपतं आणि पोटात अंडं अडकून ती मरूही शकते. पिल्लं काढणं हा पहिल्या वर्षाचा विषय नाही.

पिंजरा कुठं ठेवायचा? माणसं बसतात त्या खोलीत, एका बाजूला भिंत येईल असा, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. स्वयंपाकघर पूर्ण वर्ज्य. पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा फार नाजूक असतात. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्यातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतो. फोडणीचा खाट, चुलीचा धूर, धूप, कापूर, उदबत्ती, डासांची कॉइल, फवाऱ्याचं अत्तर, यातलं काहीही त्या खोलीत नको. देवघर तिथंच असेल तर पिंजऱ्यासाठी दुसरी खोली शोधा. गॅलरीत किंवा अंगणात टांगून ठेवलेल्या पिंजऱ्याला ऊन लागतं, मांजर येतं आणि गावाकडं साप, घूसही येते.

मुंग्यांचा त्रास आपल्याकडं बारमाही. पिंजऱ्याच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवा. मुंग्यांचा खडू किंवा पावडर पिंजऱ्याच्या आसपास ओढू नका.

दुकानात पक्षी निवडताना

थोडा वेळ लांब उभं राहून बघा. जवळ गेलं की आजारी पक्षीसुद्धा उसनं अवसान आणून ताठ बसतो. रानात आजारी दिसणाऱ्याला शिकारी आधी गाठतो, म्हणून दुखणं लपवणं त्यांच्या रक्तातच आहे. निरोगी पक्ष्याचे डोळे स्वच्छ, पिसं अंगाला चिकटून, शेपटीखालची जागा कोरडी. पिसं फुलवून, दोन्ही पायांवर, डोळे मिटून बसलेला किंवा श्वासागणिक शेपटी वर-खाली करणारा पक्षी घेऊ नका, मग त्याचा रंग कितीही देखणा असो. कमी वयाचा बजी ओळखायला सोपा: कपाळावरच्या काळ्या आडव्या रेषा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात. मोठा झाला की कपाळ स्वच्छ होतं.

'हातानं भरवलं की जास्त लळा लागतो' असं सांगून पिसं न फुटलेलं पिल्लू गळ्यात मारतात. ते घेऊ नका. भरवण्याच्या पातळ खाण्याचं तापमान चुकलं तर पिल्लाच्या गळ्यातली पिशवी भाजते आणि घास श्वासनलिकेत गेला तर पिल्लू हातातच जातं. स्वतः दाणे सोलून खाणारा पक्षीच घ्या.

एक घ्यायचा की दोन, हे घरावर ठरतं. दिवसभर घरात कुणीतरी असेल तर एकटा पक्षी माणसाशी चांगला जुळतो. सगळे सकाळी नोकरीला, शाळेला जात असतील तर दोन घ्या. हे थव्यातले पक्षी आहेत आणि एकटेपणानं ते स्वतःची पिसं उपटायला लागतात.

निघताना दुकानदाराला विचारा: आत्तापर्यंत काय खातोय? तेच मिश्रण किलोभर विकत घ्या. ते कितीही निकृष्ट असलं तरी पहिले काही दिवस तेच द्यायचं आहे. लातूरहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून गावाकडं नेत असाल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, तळाला सुती कापड टाकून, सकाळी किंवा संध्याकाळी न्या. एप्रिल-मेच्या दुपारी बंद गाडीत पक्षी ठेवून रसवंतीवर थांबायचं नाही.

पहिला आठवडा: हात बांधून बसायचं

खोक्याचं तोंड पिंजऱ्याच्या दाराला लावा आणि त्याला स्वतःहून आत जाऊ द्या. पहिल्या दिवशी शेजारपाजारची पोरं बघायला येतातच. त्यांना आठवडाभरानं बोलवा. पिंजऱ्याची एक बाजू फिकट कापडानं झाका. टीव्हीचा आवाज कमी ठेवा. रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता हवी. कॉकाटेल रात्री अंधारात दचकून पिंजऱ्यात धडपडतो, त्याच्या खोलीत झिरोचा दिवा असू द्या.

बरेच पक्षी पहिल्या दिवशी वाटीकडं फिरकत नाहीत. थोडे दाणे तळाच्या कागदावर पसरा, जमिनीवर टिपायची त्यांना सवय असते. तळाला वर्तमानपत्र रोज नवं घाला, कारण विष्ठा बघणं हा तुमचा रोजचा पहिला तपास आहे. चांगल्या विष्ठेत तीन भाग दिसतात: हिरवट-तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि भोवती थोडं पाणी. पूर्ण दिवस-रात्र उलटून कागद कोरा राहिला किंवा पक्षी काहीच खाईना, तर वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा.

इथं नवख्या माणसाच्या लक्षात हमखास न येणारी एक गोष्ट. पोपट दाणा गिळत नाही. सोलतो, आतला गर खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते, घरातले म्हणतात 'अजून भरपूर आहे की', आणि पक्षी उपाशी झोपतो. वाटी घराबाहेर नेऊन तिच्यावर हलकी फुंकर घाला. टरफलं उडून जातील आणि खाली खरे दाणे किती उरले ते दिसेल. हे दिवसातून दोनदा करा. नंतर हात साबणानं धुवा. वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीतून माणसालाही फुप्फुसाचा आजार लागू शकतो, म्हणून पिंजरा झाडताना आधी पाणी शिंपडा, धूळ उडवू नका.

खाणं बदलायचं का?

दुकानातलं मिश्रण म्हणजे राळा, बाजरी आणि वरून सूर्यफूल, करडई. राळ्याला पक्षीवाले कांगणी म्हणतात. यातलं सूर्यफूल आणि करडई आपण कशासाठी पिकवतो? तेलासाठी. पिंजऱ्यात न उडता बसलेल्या पस्तीस ग्रॅमच्या जिवाला रोज तेलबिया मिळाल्या की यकृतावर चरबी चढते. आणि कोणत्याही कोरड्या दाण्यात अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम नसल्यातच जमा. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाका-तोंडाच्या आतलं अस्तर खराब होतं, सारखी शिंक-सर्दी होते, तोंडात पांढरे चट्टे येतात. पाळलेला पोपट 'अचानक गेला' असं आपण ऐकतो, त्यामागं पुष्कळदा वर्षानुवर्षांचं हे निव्वळ दाण्यांचं खाणं असतं.

बदलताना एक लक्षात ठेवा: फक्त दाणे खाऊन वाढलेल्या पक्ष्याला गाजर हे अन्न आहे हेच माहीत नसतं. तो हट्टी नाही. पिल्लू असताना आई-बाप जे खाताना दिसतात तेच खाणं, हे त्याचं शहाणपण. 'उपाशी ठेवा, आपोआप खाईल' हा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकू नका. एवढा लहान पक्षी एक-दोन दिवसांच्या उपासानं मरू शकतो. आपल्याला त्याच्या थव्यातलं वडीलधारं व्हायचं आहे.

आधी वजनाचा काटा आणा. स्वयंपाकघरात वापरतात तो, एक-एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरेसा आहे. त्यावर प्लास्टिकचा छोटा डबा ठेवून शून्य करा, सकाळी खाण्याआधी पक्षी डब्यात बसवा, आकडा वाचा. नवखा पक्षी हातात येत नसेल तर काट्यावर आडवी काडी बांधून तिच्यावर बाजरीचे चार दाणे ठेवले की तो हळूहळू स्वतःहून येऊन बसतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिता तिथंच तारखेखाली आकडा लिहा. बजी साधारण ३० ते ४० ग्रॅम, कॉकाटेल ८० ते १०० च्या आसपास. खाणं बदलताना मूळ वजनाच्या दहा टक्के घट झाली की तिथंच थांबून जुन्या खाण्यावर परत यायचं. म्हणजे ३५ ग्रॅमच्या बजीचा काटा ३२ वर आला की गाजराचा आग्रह बंद.

पायरी-पायरीनं बदल

पहिले पंधरा दिवस जुनंच मिश्रण. फक्त त्यातलं सूर्यफूल आणि करडई वेचून वेगळी काढा. ती फेकू नका, हातावर यायला शिकवताना बक्षीस म्हणून एक-एक दाणा कामाला येईल.

तिसऱ्या आठवड्यात पालेभाजी दाखवा, वाटीत नव्हे तर टांगून. कोथिंबिरीची छोटी जुडी स्वच्छ धुऊन, पाणी न झटकता, कपड्याच्या चिमट्यानं पिंजऱ्याच्या गजाला वरच्या काडीजवळ लावा. पहिल्या दिवशी बजी पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसेल. दोन-तीन दिवसांनी मान लांबवून बघेल. मग एका सकाळी एक पान ओढेल, सोडेल, पुन्हा ओढेल, आणि ओल्या पानांत डोकं खुपसून छाती घासायला लागेल. ही त्याची आंघोळ. पानांवरचं दव अंगावर घ्यायची त्याची जुनी सवय आहे. आंघोळ करता करता चोचीत पान येतं आणि चव कळते. याच पद्धतीनं पुढं मेथी आणि शेवग्याचा पाला. शेवगा तर आपल्याकडं दारादारात आहे, त्यात अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर. मी एकच पाला निवडायला सांगितलं तर शेवगाच निवडेन. पालक आणि चुका कधीतरी द्या, रोज नको, त्यातल्या ऑक्झलेटमुळं कॅल्शियम अंगी लागत नाही.

चौथ्या आठवड्यापासून दाणे रात्री भिजत घाला. सकाळी निथळून त्यात चमचाभर खिसलेलं गाजर किंवा लाल भोपळा मिसळा. कोरड्या दाण्यांतून गाजर बाजूला सारता येतं. ओले दाणे मात्र खिसाला चिकटतात आणि दाण्याबरोबर थोडं गाजर तोंडात जातंच. हे मिश्रण सकाळी, पक्षी सगळ्यात भुकेला असतो तेव्हा, पसरट ताटलीत ठेवा. तास-दीड तासानं उचला आणि त्याचे नेहमीचे कोरडे दाणे द्या. उन्हाळ्यात भिजवलेलं खाणं त्याहून जास्त वेळ ठेवूच नका, आंबतं.

त्याच वेळी त्याच्यासमोर बसून तुम्हीही गाजर खा. नुसता देखावा चालत नाही, खरंच कुरकुरत खा. घरातल्या आज्जी यात पटाईत असतात. 'बाबा, हे बघ, मी खाऊ लागले, तू नाही का खात?' असं म्हणत त्या त्याच्यापुढं बसल्या की आपल्या दहा युक्त्यांपेक्षा लवकर काम होतं. मात्र आपला उष्टा घास त्याला भरवू नका. माणसाच्या तोंडातले जंतू पक्ष्याला बाधतात.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात मोड. मूग, मटकी, बाजरी आणि राळा चालतील. रात्री भिजवा, सकाळी दोन-तीनदा धुऊन सुती फडक्यात बांधा, जेमतेम मोडाचं टोक दिसलं की द्यायचे. उसळीला काढतो तेवढे लांब मोड नकोत. चिकट लागले किंवा वास आला तर सरळ फेका. ज्वारीला मोड आणून देऊ नका आणि ज्वारीचे कोवळे कोंब किंवा पोंगेही पिंजऱ्यात घालू नका. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, ती खाऊन जनावरं दगावतात हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. कच्चा राजमा वगैरे मोठी कडधान्यंही नकोत.

ज्वारीचं कणीस मात्र खुशाल. हुरड्याच्या दिवसांत ओळखीच्या शेतातून पानं काढलेलं एक कोवळं कणीस आणा, न भाजता, चटणी-मीठ न लावता उलटं टांगा आणि बाजूला व्हा. दुधाळ दाणा ओढायचा, फोडायचा, सालपट खाली टाकायचं, हे काम बजीच्या चोचीसाठीच बनलंय असं वाटतं. फवारणी कधी झाली होती, हे शेतकऱ्याला विचारूनच आणा. बाजरीचं वाळलेलं कणीसही असंच टांगता येतं. ते हातात धरून बसलं तर पक्षी हातावर यायला शिकतो, त्यामुळं मी ते वाटीत न देता हातातूनच द्यायला सांगेन.

पेलेट म्हणजे सगळी पोषणद्रव्यं घालून केलेलं गोळ्यांचं खाद्य. ते सगळ्यात शेवटी आणा. परभणी-नांदेडसारख्या शहरात मिळालं नाही तर ऑनलाइन मागवता येतं. मुदतीची तारीख बघा आणि छोटं पाकीट घ्या. ते मिक्सरमध्ये भरडून ओल्या दाण्यांवर भुरभुरा, सवय झाली की हळूहळू दाणे कमी करा. पेलेट खाणारा पक्षी कोरड्या दाण्यांवरच्या पक्ष्यापेक्षा चांगला पोसतो. पण परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका: राळा-बाजरी मोजून, मोड, रोजचा पाला, रंगीत भाज्या आणि कॅल्शियम एवढ्यावर बजी आणि कॉकाटेल चांगले राहतात. बजीला दिवसाला दीड ते दोन छोटे चमचे दाणे पुरतात.

कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा गजाला बांधून ठेवा. पक्षीवाले त्याला कटलबोन म्हणतात. तो मिळाला नाही तर अंड्याचं कवच दहा मिनिटं उकळून, वाळवून, चुरा करून द्या. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास मिळू द्या, अर्ध्या पिंजऱ्यावर सावली ठेवून. काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही.

काय द्यायचं, काय नाही

मिरची द्या, अगदी बिनधास्त. तिखट लागण्यासाठी लागणारी जाणीव पक्ष्यांना नसते, आणि पिकलेल्या लाल मिरचीत अ जीवनसत्त्व भरपूर. जुनी माणसं पोपटाला मिरची द्यायची, ते योग्यच होतं. ढोबळी मिरची, उकडलेलं रताळं, बीट, घेवडा, मटार, कोबी चालतात.

फळं आठवड्यातून दोन-तीनदा, नखाएवढी फोड. पेरू, डाळिंबाचे चार दाणे, पपई, जालन्याची मोसंबी, आंबा. सीताफळाचा गर हौसेपुरता, पण बी एकही नको. गावाकडं ती वाटून उवा मारायला वापरतात, ती विषारी आहे. सफरचंदाच्या बियाही काढून टाका.

अजिबात नको: चहा, कॉफी, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो, दारू, कांदा, लसूण, कच्चा बटाटा, चिवडा, फरसाण, पापड, लोणचं, बिस्किट. दूध पक्ष्यांना पचत नाही. शेंगदाणे आपल्याकडं घरोघरी पोत्यानं असतात, पण ओल धरलेल्या शेंगेत बुरशीचं विष असतं आणि ते यकृतावर जातं. बजीला शेंगदाणा नकोच.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा चहा-पोळीचा हात थांबवणं, हे या सगळ्यातलं अवघड काम आहे. 'कामून नको? आमचा मिठू तर रोज खायचा' असं ऐकायला मिळेल. वाद घालू नका. सकाळी पाला लावायचं काम त्यांच्याकडंच द्या. भरवायची हौस तिथं पूर्ण होते आणि चहाचा कप आपोआप मागं पडतो.

पाणी आणि उन्हाळा

लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्याकडं पाणी साठवून, पुरवून वापरायची सवय पिढीजात. पण पक्षी दिवसाला पितो ते पाणी चमचाभर. ते घरातलं सगळ्यात चांगलं द्या: उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं, तुम्ही पिता तेच. ड्रममधलं, टँकरचं पाणी थेट नको. दिवसातून दोनदा, उन्हाळ्यात तीनदा बदला आणि वाटी प्रत्येक वेळी घासा. पाण्यात टाकायची कुठलीही लाल-पिवळी पावडर दुकानदारानं दिली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

परभणी, नांदेड, बीडला मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत पक्षी ठेवू नका. कूलर खोलीत असू द्या, पण झोत पिंजऱ्यावर नको. लाइट गेल्यावर खिडकीला ओलं गोणपाट लावा आणि दुपारी पसरट ताटलीत आंघोळीचं पाणी ठेवा. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल आणि पंख अंगापासून लांब धरले असतील, तर त्याला ऊन बाधतंय. लगेच गार खोलीत न्या, पाय साध्या पाण्यानं ओले करा, प्यायला पाणी पुढं ठेवा. बर्फ लावू नका आणि चोचीत जबरदस्तीनं पाणी ओतू नका. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जातो तेव्हा रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजू जाड चादरीनं झाका, चौथी हवेसाठी मोकळी ठेवा. दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आधीच पिंजरा घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत न्या.

पक्षी खोलीत मोकळा सोडायच्या आधी पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर कापड, पाण्याची बादली झाकलेली. छताचा पंखा हा घरातल्या पक्ष्याचा सगळ्यात मोठा वैरी आहे. बटणावर कागदी पट्टी चिकटवा, म्हणजे बाहेरून आलेला माणूस सवयीनं ते दाबणार नाही.

दवाखान्याची सोय आधीच करून ठेवा

पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर आपल्याकडं कमी. परभणी आणि उदगीर इथं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळच्या दवाखान्यात पक्षी तपासतात का, हे पक्षी आणायच्या आधी विचारून नंबर लिहून ठेवा. दिवसभर पिसं फुलवून बसणं, तळाशी बसणं, खाणं बंद, श्वासासोबत शेपटी हलणं, उलटी, कागदावरच्या विष्ठेचा रंग किंवा पातळपणा बदलणं, यातलं एकही दिसलं तर उद्यावर टाकू नका. गाजर-बीट खाल्ल्यानं विष्ठा लालसर दिसते, तेवढं आधी आठवून बघा.

नेताना छोट्या खोक्यात, अंधार करून, ऊब राहील असं न्या. सोबत तीन गोष्टी घ्या: पिंजऱ्यातला त्या दिवशीचा विष्ठेचा कागद, जे खातो त्याची पुडी आणि वजनं लिहिलेलं कॅलेंडरचं पान. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याचं औषध ग्रॅमवर ठरतं, त्यामुळं डॉक्टर पहिल्यांदा ते पानच मागतील.